वसंत आणि उसाची ट्रॉली

होळीला बायकोच्या माहेरी कणकवलीला जायचं ठरलं की तिला कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर-फोंडा हाच रस्ता लागतो, कारण काय तर झाडी किती छान आहे. झाडी छान आहे यात वादच नाही, फक्त ती छान आहे हे मला बाकीच्यांनी सांगितलंय म्हणून माहितीय. मी ड्रायव्हर आहे.

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात येतो पण पळसाला पंचांग कोण दाखवणार, तो फाल्गुनातच पेटतो. "अहो पळस बघा!" बायको ओरडते आणि त्याच सेकंदाला माझ्या पुढ्यात असतं उसाच्या ट्रॉलीचं बूड. कारखाने अजून चालू असतात, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं लाईट नाही, रेडियमच्या नावानं एक पुसट चौकोन आणि पुढं गाणी इतकी मोठ्यानं की आपला हॉर्न त्या बाबाला कोरस वाटत असणार. भोगावतीपासून पुढं मी अशा तीन ट्रॉल्यांच्या मागनं वीसच्या स्पीडनं गेलो. रस्त्यावर सांडलेली कांडी चुकवायची ती वेगळीच. माझा वसंत म्हणाल तर तो हिरवट पिवळा असतो आणि त्याला मोळ्या बांधलेल्या असतात.

राधानगरी सोडली की ट्रॉल्या संपतात आणि रस्ता मोकळा मिळाला की आपला पाय आपोआप खाली जातो. खरा घोळ इथंच आहे. ताशी साठनं गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते आणि वळणापलीकडचं तर पाच मीटर पण दिसत नाही. त्यात कडेला वाळक्या पाल्याचा थर, त्यावर चाक गेलं की गाडी आपली राहत नाही. शिवाय हे दाजीपूरचं अभयारण्य गव्यांचं, 1958 पासूनचं, म्हणजे रस्ता त्यांचा आणि आपण पाव्हणे. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो आणि माझी गाडी साडेआठशेची, तेव्हा टक्कर झालीच तर कोण कुणाला उडवेल हे वजनकाट्यावरच ठरलेलं आहे. म्हणून मी चाळीसवर. मागनं मेव्हणा म्हणाला, "भावोजी, ट्रॉली गेली ओ आता."

तोवर त्यांचा वसंत जोरात चालू होता. काटेसावर झाली, पांगारा झाला, कुसुंबाची लालभडक कोवळी पालवी झाली, आईनं तर करवंदीची फुलं वासावरनं ओळखली. मी म्हटलं कुठाय, तर सगळे एकदम ओरडले, "तुम्ही पुढं बघा!"

दाजीपूरच्या अलीकडं सव्वासहाला सगळे गार झाले. आई झोपली, बायकोची मान पडली, मेव्हणा कानात हेडफोन घालून पळसाच्या व्हिडिओला गाणं लावत बसला. एका वळणावर मला रस्त्यावर चार पांढरे मोजे चालताना दिसले. नुसते मोजे, वर काहीच नाही. ब्रेक दाबता दाबता कळलं की वर आहे, भरपूर आहे, पण काळं आहे आणि मागची सावली पण काळी आहे. दहा-बारा पावलांवर गवा उभा राहिला. मी डिपर मारला नाही, हॉर्न वाजवला नाही, लाईट खाली केला आणि गप्प बसलो. नियम पण तोच आहे, पण खरं सांगायचं तर घशातनं आवाजच फुटत नव्हता. त्याच्या कानावर एक माशी बसली, त्यानं कान झटकला, माझ्याकडं एकदा बघितलं, टोल घेणारा बघतो तसं, आणि सावकाश डावीकडच्या कारवीत शिरला. एवढं मोठं धूड आत गेलं पण पानांचा आवाज शेळी गेल्यासारखा.

एक गेला की मागनं कळप असू शकतो म्हणून मी तसाच थांबलो. दोन मिनिटं झाली तशी बायको जागी झाली.

"का थांबलात? लागलीय का तुम्हाला?"

"अगं गवा..."

"तेच म्हणते, इथं थांबू नका, इथं गवे असतात."

पुढं घाट उतरलो, न्यूट्रल वगैरे शहाणपणा न करता, ज्या गिअरमधे चढायचं त्याच गिअरमधे उतरायचं या वडिलांच्या शिकवणीनं. खाली पोरांनी रस्त्याला दोरी धरलेली, "शबय! शबय!" म्हणजे शिमग्याचे पैसे द्या. दहा रुपये दिले, दोरी खाली. दोरी तर दोरी, पण निदान ती सगळ्यांना दिसली.

कणकवलीत पोचल्या पोचल्या चहाच्या आधी मी सासऱ्यांना सगळं सांगितलं, मोजे, माशी, कान, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावयबापू, ती म्हस आसतली."

मग मेव्हण्यानं पळसाचा व्हिडिओ लावला आणि अख्खं घर तिकडं धावलं. मी पण गेलो, म्हटलं बघू तरी रस्त्यात काय काय होतं ते.