खिडकीजवळची सीट आणि सकाळचं विमान

प्रवासात दोन अनोळखी माणसं भेटतात आणि प्रेमात पडतात. या एका ओळीवर जगभरात इतके सिनेमे निघालेत की ही गोष्ट लिहायला सोपी असावी असंच वाटतं. दोन देखणे चेहरे, एक गाडी, बाहेर डोंगर, मध्ये एक गाणं, झालं काम! मग ट्रेलरमधले ड्रोनने टिपलेले घाट बघून लोक थिएटरात जातात आणि मध्यंतरानंतर मोबाइल चाळत बसतात. माझ्या मते या जातीचे बहुतेक सिनेमे एकाच ठिकाणी माती खातात. लेखकाने लोकेशन ठरवलेलं असतं, वेळापत्रक ठरवलेलं नसतं. गाडी किती वाजता सुटते, कोण कुठे उतरणार, परतीचं तिकीट कधीचं आहे आणि खिशात किती उरलेत, हे चार आकडे पक्के असले की अर्धी पटकथा स्वतःच पुढे सरकते. ते नसले की लेखकाला पाऊस पाडावा लागतो.

पहिल्या वाक्यापासून बघू. प्रवासात अनोळखी माणसं सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. खिडकीबाहेर बघतात, झोपेचं सोंग घेतात. त्यामुळे बोलायला कारण लागतं, आणि सगळ्यात चांगलं कारण म्हणजे एखादा बारीकसा त्रास. डेव्हिड लीनच्या १९४५ च्या 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये धडधडत गेलेल्या एक्स्प्रेसमुळे नायिकेच्या डोळ्यात कण जातो आणि स्टेशनवरच्या चहाच्या खोलीत बसलेला डॉक्टर रुमालाच्या टोकाने तो काढून देतो. फ्रँक काप्राच्या १९३४ च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये बसमधल्या एका सीटवरून तंटा होतो. रिचर्ड लिंकलेटरच्या १९९५ च्या 'बिफोर सनराइज'मध्ये शेजारचं जोडपं जर्मनमधून कडाकडा भांडत असतं, म्हणून नायिका वैतागून उठते आणि मागे नायकाजवळच्या दुसऱ्या सीटवर जाऊन बसते. डोळ्यातला कण, सीट, शेजारचं भांडण. यात 'ओळख करून घ्यायला' म्हणून कुणीच आलेलं नाही. धक्का लागून पुस्तकं पडणं वगैरे आता पुरे.

आणि योगायोग एकदाच. भेट योगायोगाने झाली तर प्रेक्षक ती बिनतक्रार मान्य करतो, तिकीटच त्यासाठी काढलेलं असतं. त्याच योगायोगाने तिसऱ्या शहरात पुन्हा गाठ पडली की तो मनातल्या मनात हिशेब करायला लागतो. दुसऱ्या भेटीमागे कुणाचा तरी निर्णय हवा.

तो निर्णय म्हणजे या सिनेमाचा कणा. 'माझ्याबरोबर उतर' हे एका परक्या माणसाचं म्हणणं ती का ऐकेल? इथे बरेच नायक गोड हसतात आणि ती उतरते. हे खोटं आहे, आणि बाईमाणसाला तर ते पहिल्या सेकंदाला कळतं. तिचा हिशेब पडद्यावर दिसायला हवा: जागा गजबजलेली आहे का, परतायला दुसरी गाडी आहे का, पैसे आणि कागदपत्रं आपल्याच पिशवीत आहेत का, नको वाटलं तर निघता येईल का. 'बिफोर सनराइज'मधला नायक गाडीत भेटलेल्या त्या मुलीला रात्रभर शहरात हिंडायला उतर म्हणताना एक कल्पना करायला सांगतो. पुढे कधीतरी लग्न जुनं झाल्यावर तुला वाटेल की तेव्हा भेटलेली इतर मुलं कशी निघाली असती. तर असं समज की तू त्या काळातून परत येऊन तेच तपासते आहेस, कदाचित मीही तसाच कंटाळवाणा निघेन. वाद बालिश आहे, पण त्यात तिला हसून नाही म्हणायची पूर्ण सोय आहे. नकाराची सोय नसलेल्या आमंत्रणावर पुढचा दीड तास उभा राहत नाही.

मग घड्याळ. 'बिफोर सनराइज'मध्ये त्याचं विमान सकाळी आहे, एवढ्या एका गोष्टीवर अख्खी रात्र तोललेली आहे. 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये दोघं आठवड्यातून एकदाच, गुरुवारी भेटू शकतात आणि त्यांच्या परतीच्या गाड्या विरुद्ध दिशांना जातात. म्हणजे प्रत्येक भेटीचा शेवट स्टेशनच्या वेळापत्रकात आधीच छापलेला. आपल्याकडे सतीश राजवाडेंच्या २०१० च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ने जवळजवळ सगळा भार दोन माणसांवर आणि एका दिवसावर टाकला आणि तो पेलला, तोही याच जोरावर. दिवस मावळला की संपलं. 'बघू, राहू अजून दोन दिवस' असं पात्रांनी म्हटलं की सिनेमा तिथेच सैल पडतो.

पैशाचंही तसंच. काप्राच्या सिनेमातली श्रीमंत मुलगी घरातून पळालेली आहे, वाटेत तिची बॅग चोरीला जाते आणि उरलेले पैसे तिला सांभाळता येत नाहीत. त्यामुळे दोघांना एका खोलीत राहावं लागतं आणि मध्ये दोरीवर घोंगडी टांगावी लागते. ते दृश्य चावट वाटत नाही कारण त्यामागे हिशेब आहे. त्या सिनेमाने चित्र, दिग्दर्शन, नायक, नायिका आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर नेली. हिंदीत त्यावरून १९५६ साली 'चोरी चोरी' आणि १९९१ साली 'दिल है के मानता नहीं' निघाले. पैसा संपणं हे कुठल्याही काळात, कुठल्याही भाषेत चालतं.

सामान ही तर सरळ सरळ विसरलेली गोष्ट. पाठीवर मोठी सॅक घेऊन स्टेशनवर उतरलेली मुलगी पुढच्या सीनमध्ये मोकळ्या हातांनी पुलावर नाचत असते. सॅक गेली कुठे? लिंकलेटरची जोडी सामान आधी लॉकरमध्ये ठेवते. काही सेकंदांचं काम, पण त्यानंतर रात्रभर चालायला दोघं मोकळी, आणि निघायच्या वेळी परत स्टेशनवर यायला एक कारणही तयार. सामान ठेवायचं नसेल तर पात्राला ते वाहू द्या, खांदा बदलू द्या. 'दे, मी धरतो' हे वाक्य कुठल्या प्रेमसंवादापेक्षा कमी नाही.

मोबाइलने या प्रकाराची पंचाईत केली हे खरं. हरवणं, चुकामूक, पत्ता माहीत नसणं ही जुनी हत्यारं बोथट झाली. बॅटरी संपवणं हा तोडगा आता इतका वापरून झालाय की चार्जिंग दहा टक्के दाखवलं की लोक हसतात. त्यापेक्षा फोन चालू ठेवा आणि त्यालाच अडथळा करा: समोरच्याचं आडनाव शोधलं की सगळा भूतकाळ दोन मिनिटांत हाती येतो, मग शोधायचं की नाही? न शोधण्याचा करार हा आजचा खरा प्रणय. 'बिफोर सनराइज'मधल्यासारखं नंबर न घेता सहा महिन्यांनी त्याच फलाटावर भेटायचं ठरवणं १९९५ साली थोडं वेडं होतं. आज ते दसपट वेडं आहे, आणि म्हणून नाट्य म्हणून दसपट चांगलं.

आता बोलणं. या सिनेमात मारामारी बोलण्याचीच असते, तेव्हा त्याची चढण नीट हवी. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पटकथाकारांनी जरूर बघावा. अनोळखी माणसांच्या जोड्या, ३६ प्रश्न, बारा-बाराचे तीन गट, एकूण पाऊण तास. पहिला प्रश्न जेवायला कुणाला बोलवाल असला हलका. शेवटच्या गटात तुम्ही दुसऱ्यासमोर शेवटचं कधी रडलात इथपर्यंत. दोघांनी आळीपाळीने उत्तरं द्यायची. जवळीक येते ती या पायऱ्यांमुळे आणि देवाणघेवाणीमुळे. आपल्याकडच्या पटकथांत नायक दहाव्या मिनिटाला वडिलांचं मरण सांगून मोकळा होतो आणि नायिका नुसती ऐकते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. चार पानं एकच माणूस बोलत असेल तर ते प्रेम नसून व्याख्यान आहे. प्रत्येक सीनच्या शेवटी पारडं हललेलं हवं. आधी तो पुढे होता, आता ती पुढे आहे.

आणि जिथे जमेल तिथे बोलणं काढून टाका. 'बिफोर सनराइज'मध्ये रेकॉर्डच्या दुकानातल्या ऐकण्याच्या खोपट्यात दोघं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. गाणं वाजतंय. कॅमेरा समोर ठेवलाय आणि तो हलत नाही, कट नाही. तो तिच्याकडे बघतो, ती मान वळवायला लागते तोवर त्याची नजर छताकडे. मग ती बघते, त्याची मान वळते, ती भलतीकडेच. मध्येच एक दाबलेलं हसू. एकही शब्द नाही. हा सीन क्लोजअपमध्ये तोडला असता तर मेला असता, कारण गंमत दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसण्यात आहे: नजर चुकवली गेली हे फक्त आपल्याला कळतं. पुढे २००४ सालचा दुसरा भाग त्यांनी १५ दिवसांत चित्रित केला, आणि त्यात नटांचं नाव लेखकांमध्येही लागलं. तालमीत संवाद नटांच्या तोंडाला बसेपर्यंत घासले की असे लांब टेक पेलतात. सेटवर येऊन पाठ करणाऱ्यांचं हे काम नाही.

डब्यातल्या शूटिंगबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण पैसा इथेच जातो आणि चुका इथेच दिसतात. दोघं समोरासमोर बसलीत. एकाचं तोंड गाडीच्या दिशेने, दुसऱ्याची इंजिनाकडे पाठ. पहिल्याचा क्लोजअप घेताना कॅमेरा मागे बघतो, म्हणजे खिडकीतली झाडं फ्रेमच्या कडेने आत येतात आणि लहान होत लांब जातात. दुसऱ्याच्या क्लोजअपमध्ये ती दुरून येतात आणि मोठी होत कडेने निघून जातात. सेटवर डबा उभारून खिडकीमागे एलईडी किंवा हिरवा पडदा लावायचा असेल तर बाहेरचं दृश्य किमान तीन कोनांतून टिपून आणावं लागतं: पुढे तिरकं, मागे तिरकं आणि सरळ काटकोनात. पैसे वाचवायला एकच काटकोनातला तुकडा दोन्हीकडे लावतात. काय चुकलंय ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण डबा जागचा हललेला नाही हे त्याला कळतं. (कोणाला कुठल्या बाजूला बसवायचं हाही फुकटचा निर्णय नाही. जो काहीतरी सोडून आलाय त्याच्या मागे जग लांब जाताना दिसलं तर संवादातल्या दोन ओळी वाचतात.)

खांबांच्या सावल्यांचं गणित तर कुणी करतच नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. रुळालगतचे विजेचे खांब ५०-६० मीटरवर धरले तर चेहऱ्यावरून सावली तीन-साडेतीन सेकंदांनी एकदा जायला हवी. सेटवर दिव्यापुढे पट्टी फिरवणारा उत्साही माणूस ती अर्ध्या सेकंदाला एकदा फिरवतो. त्या हिशेबाने गाडी ताशी ३६० च्या पुढे पळतेय आणि आत दोघं निवांत चहा पिताहेत. हादऱ्यांचंही तेच. फक्त कॅमेरा हलवला की चेहरे हलतात, पण तिच्या कानातलं डूल आणि बाटलीतलं पाणी ढिम्म. हलवायचा तर डबा हलवा. खालून लाकडी दांड्याने दोन माणसं उचकत राहिली तरी पुरतं.

खऱ्या गाडीत शूट करायचं तर हे प्रश्न सुटतात आणि दुसरे येतात. जागा अरुंद, म्हणून रुंद लेन्स. रुंद लेन्स चेहऱ्याजवळ नेली की नाक मोठं दिसतं. वळणावर ऊन एका गालावरून दुसऱ्यावर जातं आणि एडिटर कपाळाला हात लावतो. आवाजासाठी रिकाम्या डब्याची दोन-तीन मिनिटं वेगळी रेकॉर्ड करून ठेवलीच पाहिजेत, नाहीतर प्रत्येक कटला खडखडाट कमीजास्त होतो. गाडीचा आवाज म्हणून नंतर टाकला जाणारा 'खटक-खटक' हा रुळांच्या सांध्यांचा. आता बहुतेक मुख्य मार्गांवर रूळ लांबच्या लांब जोडलेले असतात, तिथे तो आवाजच नाही. डबिंगमध्ये संवाद निभावतात, हसणं निभावत नाही. दोघांचं एकत्र फुटलेलं हसू जागेवरच पकडा.

निरोपाचा सीन लिहिताना सगळ्यात मोठा मोह धावण्याचा. विमानतळावर तपासणीच्या रांगा आल्यापासून ते धावणं विनोदीच झालंय, तरी धावतात. 'ब्रीफ एन्काउंटर'चं स्टेशन म्हणजे इंग्लंडमधलं कार्नफोर्थ. युद्ध चालू होतं. हवाई हल्ल्याचा इशारा आलाच तर दिवे मालवायला वेळ मिळावा म्हणून इतक्या लांबचं स्टेशन निवडलं आणि रात्री-रात्री शूटिंग केलं. त्याच स्टेशनच्या चहाच्या खोलीत दोघांची शेवटची काही मिनिटं उरलीत. तेवढ्यात तिची एक ओळखीची बाई येऊन टेबलाशी बसते आणि अखंड बडबडत राहते. काही बोलता येत नाही. त्याच्या गाडीची वेळ होते. तो उठतो, जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवतो, किंचित दाबतो आणि जातो. बाईची बडबड चालूच.