कुलूप नको, चार वाक्यं द्या

पंजाबातल्या काही जिल्ह्यांनी ७५ मिलिग्रॅमवरच्या प्रेगाबॅलिनवर, म्हणजे नसांच्या वेदनेवरच्या एका औषधावर, निर्बंध घातले आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मागणी सुरू झाली: इंग्लंडसारखं महाराष्ट्रातही हे औषध कुलपात टाका, म्हणजे त्याची विक्री कडक नियंत्रणात आणा. मी मँचेस्टरला राहते, हेच औषध घेतलं आहे. मला ही मागणी पटत नाही.

ब्रिटनने १ एप्रिल २०१९ पासून प्रेगाबॅलिन आणि त्याच जातीचं गॅबापेंटिन नियंत्रित औषधांत घातली. चिठ्ठी २८ दिवसच चालते. कारण खरं होतं: नशेसाठी वापर, आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामकांबरोबर घेतल्यास श्वास मंदावून होणारे मृत्यू. पण नागीण बरी झाल्यावरही माझ्या बरगडीखाली निखारा ठेवल्यासारखी आग राहिली, तेव्हा कामी आला तो कायदा नव्हे. डॉक्टरांनी आधी रात्रीची १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली, हीसुद्धा नसांच्या वेदनेवर देतात. तोंडाला कोरड पडेल, पोट साफ होणार नाही, हे सांगूनच. तिने भागेना म्हणून प्रेगाबॅलिन. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी बाजूच्या खोलीत बसवून विचारलं: गाडी चालवता का? मूत्रपिंडाचं काही? झोपेची दुसरी गोळी? आणि बजावलं, मनाने बंद करू नका, टप्प्याटप्प्यानेच उतरवायची. पुढे घोटे सुजले, वजन वाढलं, बोलताना शब्द आठवेनात. हे औषधामुळे होतंय हे ठाऊक असल्याने डोस कमी करून घेता आला. आग निम्मी झाली, पुरती गेली नाही.

नाशिकच्या माझ्या मावशीला मधुमेह आहे. तळपाय जळतात, मुंग्या येतात. तिला प्रेगाबॅलिन आणि मिथाइलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) एकत्र असलेली कॅप्सूल मिळाली, ‘नसांची गोळी’ म्हणून. गुंगी येईल, उठताना तोल जाईल, हे कुणी सांगितलं नाही. चक्कर येई ती पित्ताची, असं तिला वाटे. रात्री बाथरूमला जाताना पडली, मनगट मोडलं. मग घाबरून तिने गोळ्या एकदम सोडल्या. पुढचे काही दिवस झोप नाही, घाम, जिवाची घालमेल. दुकानातून मिळते ती कात्रीने कापलेली अर्धी स्ट्रिप. माहितीपत्रक नाही, कधी कधी तर औषधाचं नावही अर्धंच.

मधुमेहावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. मावशी शाकाहारी आहे, म्हणजे धोका दुहेरी. तिचं बी-१२ कुणी तपासलंच नव्हतं. प्रेगाबॅलिन बाहेर टाकतं ते मूत्रपिंड. ते मंदावलं असेल तर डोस कमी हवा. जुन्या मधुमेह्याच्या बाबतीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, न बघता ही गोळी लिहिली जाते, याचा मला राग येतो.

खरा लगाम चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताला हवा. सायटिकासाठी ही औषधं देऊ नका, असं इंग्लंडमधल्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०२० मध्ये सांगितलं. आपल्याकडे कंबरेतून पायात कळ गेली की हीच कॅप्सूल ठरलेली. चिठ्ठीशिवाय विकू नये हा नियम तर आपल्याकडे आधीपासून आहेच. तो आणखी आवळला तर लहान गावातला मेडिकलवाला कटकट नको म्हणून औषध ठेवणंच सोडेल, आणि रात्रभर पाय चोळत बसणाऱ्या म्हाताऱ्याला एसटीने तालुक्याला जावं लागेल. नशा करणाऱ्याला वाटा ठाऊक असतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक स्ट्रिपबरोबर ठळक मराठीत छापलेला कागद द्या: झोप आणि चक्कर येईल, दारू नको, पाय सुजले तर डॉक्टरांना सांगा, अचानक थांबवू नका. एवढं छापायला नवा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. केमिस्टांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर येत्या महिन्यापासून होईल. तोवर घरात कुणी ही गोळी घेत असेल तर क्रिएटिनिन आणि बी-१२चे रिपोर्ट काढून बघा, आणि ते नसतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे मागा.