सांचोचं वाक्य आणि नंदूचा फ्लेक्स

नंदूने मोबाइल पुढे केला. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या रात्रीसाठी फ्लेक्सचं प्रूफ आलं होतं. मागे सूर्यास्त, कोपऱ्यात व्हायोलिन (आमच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन कुणी वाजवत नाही, पण असो), आणि मधोमध सोनेरी अक्षरांत: 'जिथे संगीत आहे, तिथे काही वाईट असूच शकत नाही.' खाली नाव, सर्व्हांटिस.

"झालं," मास्तर म्हणाले. "आता हा बारापर्यंत उठत नाही." हा म्हणजे मी.

ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ एका दुकानाचं शटर पडलं की त्याच्या पायऱ्या आमच्या. तिथे राजकारणावरून अबोले झालेत, वडापावच्या चटणीवरून झालेत. पुस्तकातल्या वाक्यावरून भांडण पहिल्यांदाच पेटलं, आणि पेटवलं मीच. मी म्हटलं, हे वाक्य सर्व्हांटिसचं नाही, सांचो पान्झाचं आहे. सांचो म्हणजे सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीत, त्याच नावाच्या नायकाचा चाकर, गाढवावर बसून मालकाच्या मागे फिरणारा, उठता-बसता म्हणी फेकणारा.

"पण सांचो लिहिला कुणी? सर्व्हांटिसनेच ना?" नंदू म्हणाला.

"मग उद्या शकुनी जे बोलला ते व्यासांच्या नावावर छापशील?"

यावर वकील हसला. (तो वकील नाही. नियम पाठ असतात म्हणून नाव पडलंय.)

वाक्य कुठे येतं ते सांगितल्याशिवाय भांडण पुढे सरकणार नव्हतं. १६१५ साली आलेला कादंबरीचा दुसरा भाग, चौतिसावं प्रकरण. एक ड्यूक, म्हणजे बडा उमराव, आणि त्याची बायको डचेस, दोघांनाही वेळ घालवायला करमणूक हवी, म्हणून त्यांनी या मालक-चाकराला पाहुणे म्हणून ठेवून घेतलंय. शिकारीला नेतात. रानडुक्कर दिसल्याबरोबर सांचो झाडावर चढतो, फांदी मोडते, आणि ड्यूककडून मिळालेला नवाकोरा हिरवा अंगरखा अडकून गडी लोंबकळत राहतो. रात्र पडते. मग रान पेटल्यासारखा उजेड, शिंगं, ढोल, बंदुकांचे बार, वंगण न घातलेल्या गाड्यांच्या चाकांचा कर्णकर्कश किरकिराट. सगळं ड्यूकच्या माणसांनीच रचलेलं. सांचो डचेसच्या झग्यावर बेशुद्ध पडतो, तोंडावर पाणी मारून त्याला उठवावं लागतं. शेवटी ती चाकं थांबतात आणि लांबून गोड वाद्यं ऐकू येतात. तेव्हा, डचेसला चिकटून उभा राहिलेला हा माणूस म्हणतो, बाईसाहेब, जिथे संगीत आहे तिथे काही वाईट असूच शकत नाही.

"आणि ते संगीत कशाचं निघतं माहितीय? त्याच्याच कंबक्तीचं. गाडीतून मर्लिन जादूगार येतो, तोही ड्यूकचा कारभारीच, वेष घेतलेला. तो फर्मान काढतो की मालकाच्या त्या स्वप्नातल्या बाईवरचा जादूटोणा उतरायचा असेल, तर सांचोने स्वतःच्या ढुंगणावर स्वतःच्या हाताने ३,३०० फटके मारून घ्यायचे. तो नाही म्हणतो. कबूल नसेल तर ड्यूकने देऊ केलेली सुभेदारी विसर, म्हणून दम भरतात. बिचारा हो म्हणतो, आणि हो म्हटल्या म्हटल्या पुन्हा वाद्यं वाजायला लागतात."

नंदूने मोबाइल खिशात घातला. "तुला चांगली गोष्ट नासवता येते, एवढं मात्र खरं."

शुभा इतका वेळ भेळ खात होती. ती म्हणाली, "घाबरलेल्या माणसाने म्हटलं म्हणून खोटं कसं? अंधाऱ्या जिन्यावरून जाताना आपण रामरक्षा म्हणतो. तेव्हा कुणी अर्थ तपासत नाही. धीर येतो, बस. सांचोला धीर आला. ते वाक्याचं कामच आहे."

हे मला खोडता येईना. मी एवढंच म्हटलं की धीरासाठी असेल तर धीर म्हणून छापा, ज्ञान म्हणून नको. सोनेरी अक्षरं आणि सूर्यास्त लावला की कापऱ्या आवाजातलं वाक्य प्रवचन होतं.

"आणि जिथे संगीत तिथे वाईट नाही हे तळमजल्यावरच्या आजींना सांग," वकील मध्ये घुसला. "दहाला लाउडस्पीकर बंद. वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत, तीही सरकारने दिली तर. आपली रात्र त्यात बसते का बघितलंस?" नंदूने बघितलं नव्हतं. त्या विषयावर दहा मिनिटं गेली, ती इथे लिहीत नाही.

मास्तर मात्र सांचोवरच अडून बसले होते. "डचेस उत्तर काय देते?"

ती म्हणते, जिथे दिवे आणि उजेड, तिथेही वाईट नसतं. त्यावर सांचो म्हणतो, उजेड आगीचाही असतो, शेकोट्यांचाही असतो, या आजूबाजूच्या आगी आपल्याला भाजूनही काढतील. संगीत मात्र सणासुदीचंच लक्षण.

"म्हणजे गडी बावळट नाही," मास्तर म्हणाले. "उजेडाचा धोका बरोबर ओळखतो. मग आवाजालाच कसा फसला?"

मला वाटतं, लेखकाची मेख इथेच आहे. सांचो फसला, पण त्या रात्री तो काहीतरी शिकलाही. पुढे एकाहत्तराव्या प्रकरणात मालक फटक्यांचे पैसे देऊ करतो. सांचो लगेच हिशेब मांडतो, ३,३०० फटके, एकूण ८२५ रिआल, म्हणजे तेव्हाची स्पॅनिश नाणी. रात्री झाडीत वीसेक पावलं दूर जातो. मालक बाजूला बसून जपमाळेवर फटके मोजतोय. सहा-आठ फटके स्वतःला बसल्यावर सांचोला कळतं की हे काही खरं नाही. तो भाव दुप्पट करून घेतो आणि मग चाबूक झाडांवर चालवायला लागतो, मध्ये मध्ये असे उसासे टाकत की जणू जीव निघतोय. झाडांच्या साली निघतात. मालकाला दया येते, पुरे म्हणतो.

"म्हणजे याला आवाजावर फसवलं, याने मालकाला आवाजावर फसवलं," शुभा म्हणाली.

"आणि वर पैसे घेतले," वकील.

"मग तो चाकर कसला, तो तर कंत्राटदार!" नंदूचा चेहरा पहिल्यांदा खुलला. त्याने प्रूफ परत काढलं. सर्व्हांटिस खोडून सांचो पान्झा करायला सांगतो म्हणाला, वाक्य तेच ठेवणार. मी म्हटलं, सूर्यास्त तरी काढ. तो म्हणाला, सूर्यास्ताचे पैसे लागत नाहीत, टेम्प्लेटमध्ये येतो.

मास्तर अजून ८२५ रिआलवर होते. त्यांचं म्हणणं, दुप्पट भाव ठरला तर पहिल्या सहा-आठ फटक्यांचा फरक मागाहून मिळाला की नाही. वकील म्हणाला, आधीचं काम आधीच्या दरानेच. शुभाला ते पटलं नाही.