पिंपाचं नाव ठळक, मुदत गायब

नवीन व्हिस्की बाजारात आली की आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर आधी बाटलीचा फोटो पडतो, मग किंमत, मग भांडण. हल्ली त्या भांडणात व्हिस्की लागते कशी यापेक्षा ती मुरली ते लाकडी पिंप कोणतं यावरच जास्त खल होतो. ओलोरोसो शेरी (शेरी म्हणजे स्पेनची कडक वाईन), पीएक्स (गोड शेरी), पोर्ट (पोर्तुगालची गोड वाईन), रम, मिझुनारा (जपानी ओक), आता तर टकीलासुद्धा. खोक्यावर पिंपाचं नाव एवढं मोठं असतं की कंपनीचं नाव शोधावं लागतं. माझी तक्रार एकच. नाव छापता ना, मग त्या पिंपात माल किती महिने होता तेही छापा.

स्कॉचचा कायदा तसा कडक. ओकचंच पिंप, ७०० लिटरपेक्षा मोठं नको, किमान ३ वर्षं, आणि तीही स्कॉटलंडातच. पण 'फिनिश', म्हणजे शेवटी दुसऱ्या पिंपात हलवून मुरवणं, याला किमान मुदतच नाही. दोन वर्षं ठेवा नाहीतर दोन महिने, लेबलवर शब्द तेच. स्कॉटलंडच्या बाल्व्हेनीने १९९३ मध्ये डबलवुड आणली. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपातून काढून नऊ महिने शेरीच्या पिंपात ठेवतो, हे ते स्वतःहून सांगतात. मग बाकीच्यांचं तोंड कुणी धरलंय? त्यात २०१९ मध्ये नियम सैल झाले, टकीला, मेझकाल, काल्व्हादोस अशा इतर दारूंची पिंपंही चालायला लागली, आणि जो तो प्रयोग करत सुटला.

सगळ्यात जास्त दंतकथा शेरीच्या पिंपाच्या. वाचणाऱ्याला वाटतं, स्पेनमधल्या कुठल्यातरी जुन्या तळघरात वर्षानुवर्षं शेरी मुरलेली पिंपं असणार. पूर्वी शेरी पिंपातूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडवाले उचलायचे, हे खरं. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद व्हायला लागली आणि ती आवक आटली. आज बहुतेक पिंपं व्हिस्कीवाल्यांच्या ऑर्डरप्रमाणे बनतात. त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी भरून ठेवायची, लाकडात ती पुरेशी शिरली की काढून घ्यायची आणि पिंप बोटीवर चढवायचं. यात वाईट काही नाही, चव उतरतेच. फक्त तळघराची गोष्ट विकू नका. आणि गडद रंग बघून 'शेरी काय उतरलीय!' म्हणणाऱ्या मित्रांनो, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. जर्मनीत तसं लेबलवर लिहावं लागतं.

मूळ दारूच कच्ची असेल तर तीन पिंपं फिरवूनही ती कच्चीच राहते. करपलेल्या भाकरीवर शेंगाचटणी कितीही भुरभुरा, करपट वास लागायचा तो लागतोच.

आता दुसरा प्रश्न, जो आमच्याकडे हमखास येतो: "लका, किती वर्षांची आहे?" बाटलीवर १२ नसेल तर माणूस नाक मुरडतो. हा आकडा थंड हवेतला आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही. उष्णतेने दारू फुगते, पिंपाच्या आतून जाळलेल्या थरातून लाकडात शिरते, गारवा आला की व्हॅनिलाचा, खोबऱ्याचा स्वाद आणि तुरटपणा घेऊन बाहेर येते. हे जितकं जोरात होईल तितकं लवकर मुरतं, आणि तितकंच उडूनही जातं. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के उडतं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूत हाच वाटा १० ते १२ टक्क्यांवर जातो. तिथल्याच अमृतने आपला सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातली, माल्ट केलेल्या बार्लीची व्हिस्की) २००४ मध्ये थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढला, आणि पुढे आठ वर्षं मुरवलेल्या एका व्हिस्कीचं नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं. हावरट देवदूत! हरियाणाच्या इंद्री त्रिनी या व्हिस्कीवर बर्बन, फ्रेंच वाईन आणि पीएक्स शेरी अशी तिन्ही पिंपांची नावं आहेत, वय नाही. वय नाही याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आपल्या सोलापूरचा मे महिना धरा. पारा ४२-४३, हवा कोरडी ठणठणीत. दमट थंड गोदामात अल्कोहोल जास्त उडतो आणि तीव्रता उतरते. कोरड्या उष्ण हवेत पाणी जास्त उडतं आणि तीव्रता चढते. इथे गोदाम टाकून १२ वर्षं थांबलात तर हाती काय लागेल? पिंप. त्यामुळे आपल्या हवेतल्या चार-पाच वर्षांच्या व्हिस्कीला 'पोरसवदा' म्हणणं बंद करा. (आणि ते माळ्यावर जपून ठेवलेलं सासऱ्यांचं स्कॉच: काचेत काही मुरत नाही. १२ वर्षांची बाटली २० वर्षं ठेवली तरी १२ चीच. उलट माळ्यावरच्या उन्हाळ्याने बिघडेल.)

किमतीचं म्हणाल तर जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारात स्कॉचवरचं आयात शुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. पण राज्याचा कर वेगळा, त्यामुळे फार उड्या मारू नका.

मला जास्त उत्सुकता आपल्याच जिल्ह्याची आहे. सोलापूर म्हटलं की दारूवाल्यांना आठवते ती साखर कारखान्यांची मळी. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीचं स्पिरिट असतं, आणि युरोपात अशा दारूला व्हिस्की म्हणताही येत नाही. पण याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीची वाईनरी आहे. इटलीचे भाऊ, दिल्लीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन कुटुंबांनी मिळून उभी केलेली. त्यांची 'सेत्ते' ही रेड वाईन फ्रेंच ओकच्या पिंपात मुरते. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची 'असावा' ही व्हिस्की भारतीय कॅबरने सोव्हिन्यों या रेड वाईनच्या पिंपात फिनिश होते आणि परदेशात कौतुकाने विकली जाते, म्हणजे हा मार्ग चालतो हे सिद्ध झालेलं आहे. कुणीतरी अकलूजचं पिंप घेऊन लेबलवर सरळ लिहावं: अकलूज, रेड वाईन, आठ महिने. आकडा छोटा असला तरी चालेल. परमिट खिशात घालून वाईन शॉपच्या रांगेत पहिला मी.