घर रात्रीच्या भाड्याने द्या, पण मालकाने तिथे राहायला हवं

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर. कुठेही जायचं असलं तरी बाहेरगावचा माणूस मुक्कामाला सोलापुरात थांबतो. त्यामुळे जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागातले रिकामे फ्लॅट आता ॲपवरून एकेका रात्रीसाठी दिले जातात. माझं स्पष्ट मत आहे: मालक त्याच घरात राहत असेल तर खुशाल परवानगी द्या. कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट रोज नव्या माणसाला द्यायचा असेल, तर तो लॉज आहे. त्याला लॉजचेच नियम लावा.

पंढरपुरात वारकरी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या घरी उतरत आलेत. पण तिथे घरमालक घरातच असतो. काही झालं तर विचारायला माणूस असतो. आमच्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटचा मालक परगावी, चावी दाराबाहेरच्या डबीत. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे काय सांगायला हवं? आम्ही टाकीतलं पाणी पुरवून पुरवून वापरतो. दहा-बाराजण येतात, पहाटे आंघोळी उरकून दर्शनाला जातात आणि टाकीचा तळ दिसतो. टँकरचे पैसे मात्र सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातात. पाहुण्यांचा यात काही दोष नाही, त्यांना इथली परिस्थिती कोण सांगणार?

महाराष्ट्रात फ्लॅट भाड्याने दिला तर सहकारी गृहनिर्माण सोसायटीला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायची रक्कम, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्केच घेता येतं. वर्षभराच्या एका भाडेकरूसाठी ते ठीक आहे. रोज बदलणाऱ्या पाहुण्यांचा भार त्यात कसा निघेल?

मालकाच्या हजेरीची अट काही मी शोधून काढलेली नाही. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या होमस्टे योजनेत मालकाचं कुटुंब तिथेच राहणं बंधनकारक आहे, खोल्या जास्तीत जास्त ६. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामाला नोंदणी सक्तीची केली. यजमान घरात हवा आणि पाहुणे दोनच.

मुलं पुण्याला गेलेली, घरी दोघंच म्हातारी माणसं, वरची खोली देऊन चार पैसे मिळतात, अशी घरं सोलापुरात खूप आहेत. त्यांचं उत्पन्न बुडवू नका. त्यांची नोंदणी सोपी आणि फुकट करा. रिकाम्या फ्लॅटला मात्र महापालिकेचा परवाना, व्यावसायिक दराने कर, पाहुण्यांची नोंदवही आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची संमती, हे सगळं हवंच.

आमच्या पुढच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. तुमच्या सोसायटीने असा ठराव केला असेल तर त्याचा मसुदा मला नक्की पाठवा.