टाकी वाजवणारे मामा

आज दोन तास मीटिंग. विषय 'स्मार्ट अँड सस्टेनेबल कॅम्पस'. बाहेरून आलेल्या साहेबांनी पडद्यावर आमचंच कॅम्पस फिरवून दाखवलं, ओळखू येईना, सगळीकडं लॉन आणि मधोमध कारंजं. कारंजं!! इथं मे महिन्यात होस्टेलला दिवसाआड टँकर येतो, त्याच्या पावतीवर सही माझी असते, अन् हे कारंजं दाखवायलेत. झाडांना क्यूआर कोड, कचऱ्याच्या डब्याला सेन्सर, आणि म्हणे सगळ्या कॅम्पसचं डिजिटल ट्विन, म्हणजे कॉम्प्युटरवर हुबेहूब दुसरं कॅम्पस, खऱ्या कॅम्पसच्या आकड्यांवर चालणारं.

मी एकच विचारलं, आपल्याला रोज पाणी किती लागतं? सगळे एकमेकांकडं बघायलेत. बोअरला मीटरच नाही. मग त्या ट्विनला खाऊ काय घालणार आहात, कारंजं?

मला तर मामाच आठवायले सारखे. २०१६ ला मी लातुरात होस्टेलवर होतो, ते पाण्याच्या रेल्वेचं वर्ष. मोटार चालू-बंद करायचं काम मामांकडं. रात्री गच्चीवर जाऊन काळ्या टाकीवर खालून वर बोटानं वाजवत जायचे, डब्ब डब्ब डब्ब, आणि आवाज 'ठण्' झाला की तिथं खडूची रेघ. पहाटे परत. रेघ चार बोटं खाली सरकली की म्हणायचे, "लेकरं झोपल्याली, मग पाणी पेलं कुणी?" आणि एकेक संडास बघत निघायचे. एकदा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लश गळायला सापडला, रात्रभर बारीक धार चालू.

आता स्मार्ट मीटर दुसरं काय करतो हो? रात्री वापर नसताना पाणी किती गेलं तेच बघतो ना.

बरं, मान्य, पंधरा टाक्या एकटा माणूस किती वाजवणार, तिथं सेन्सर पाहिजेच. सोलारनं बिल कमी होतं तेही मान्य (पॅनेलवर बोटभर धूळ बसलीय, धुवायला पाणी नाही, ते सोडा).

पण गच्चीचा हिशोब कुणीच मांडला नाही. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर. बऱ्या वर्षी आपल्याकडं सातशे मिलिमीटर धरा, म्हणजे सात लाख लिटर. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पहिली रेल्वे आली तिच्यात पाच लाख लिटर होतं, आम्ही तर बघायला गेलो होतो. आणि आपल्या गच्चीचा पाइप आजही सरळ नालीत सोडलाय.

रागात लिहितोय, कळतंय. त्या साहेबांचंही काय चुकलं, त्यांना चित्रात कारंजं काढा म्हणलं, त्यांनी काढलं. मामांना कुणी मीटिंगला बोलवलं नसतं हे पण खरंय. पुढं ते काम सोडून गावाकडं गेले, मी साधा फोन नंबर पण घेतला नाही त्यांचा.

आत्ता साडेदहाला गच्चीवर जाऊन आलो. चार टाक्या वाजवल्या, दोन पोरं हसायली होती. खडू नव्हता, विटेच्या तुकड्यानं रेघा मारल्यात. पाचचा अलार्म लावलाय.