रोमच्या खर्चातून पाणी वगळा

रोमच्या सहलीच्या खर्चावरचा एक लेख वाचला. त्यातल्या बजेटमध्ये रोजच्या पाण्याच्या बाटल्यांचे पैसे धरलेत. ते सरळ काढून टाका. तिथे गल्लोगल्ली ‘नासोनी’ म्हणतात ते बिडाचे नळ आहेत, १८७०च्या दशकापासूनचे. पाणी अखंड वाहतं, गार असतं आणि बिनधास्त पिण्याजोगं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, बाटली नसली तरी पिता येतं. आणि पर्यटक बिचारे शेजारच्या गाडीवर पैसे मोजत उभे!

रोमसाठी आणखी काही सूचना. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच घ्या, टेबलावर बसलात की भाव चढतो. रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद. फक्त महिन्याचा शेवटचा रविवार उघडा नि फुकट, म्हणूनच गर्दी उसळते, त्या दिवशी जाऊ नये असं माझं मत. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, तिथे आपली ओढणी कामाला येते. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराला जुलै २०२३पासून तिकीट आहे, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर फोटो काढा, पण टेकू नका. २०१९पासून तिथे बसल्यास दंड होतो. आणि चाकांची बॅग? काळ्या दगडी फरसबंदीवर तिची चाकं खिळखिळी होतात, पाठीवरची सॅकच बरी.